इमारतीच्या पोटातले शास्त्र : बिल्डिंग सर्व्हिसेसचे पदव्युत्तर शिक्षण



बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण बी. ई. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आला की बहुतेक घरांत शांतता पसरते, कारण त्या वाटेने घरातले कोणी गेलेले नसते. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेल्या किंवा घेत असलेल्या मुला-मुलींसमोर प्रस्तुत लेखात एक विषय ठेवीत आहे. त्याचे नाव बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअरिंग. बाजारात याला 'एमईपी' म्हणतात, म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग.

इमारतीचा सांगाडा सिव्हिल इंजिनिअर उभा करतो, तिचे रूप आर्किटेक्ट ठरवतो. पण त्या सांगाड्यात माणसाला राहता यावे यासाठी पाणी वर चढावे लागते, मैला खाली जावा लागतो, हवा खेळावी लागते, वीज बिनधोक पोहोचावी लागते आणि आग लागलीच तर जिन्यात धूर शिरता कामा नये. या सगळ्याचे गणित म्हणजे हा विषय.

आपल्या वस्त्यांना हे काम नवे नाही. वायरमन, पंपावरचा माणूस, लिफ्टमन, ए. सी. मेकॅनिक गल्लोगल्ली सापडतील. पाइप किती इंची हवा, पंप किती ताकदीचा हवा हे कागदावर ठरवून खाली सही करणारा मात्र आपल्यात क्वचित भेटतो. हाताला सवय आहे, सहीचा अधिकार नाही. हे अंतर भरून निघावे म्हणून हा लेख.

पदवीनंतर मी एका तीस मजली इमारतीच्या देखभालीवर होतो. खालच्या मजल्यांवर नळांचे वायसर सारखे जात, फ्लशच्या टाकीतले व्हॉल्व्ह फुटत. आणि अगदी वरच्या दोन मजल्यांवर धार करंगळीएवढी. मी मोठ्या रुबाबात नळांची कंपनी बदलण्याची शिफारस केली. आमचे वयस्कर प्लंबर काका, सातवीपर्यंत शिकलेले, हसून म्हणाले, "साहेब, दोष नळाचा नाही, उंचीचा आहे."

हिशेब करून पाहा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब वाढतो. मजला तीन मीटरचा धरला तर तीस मजल्यांची उंची नव्वद मीटर, म्हणजे तळाच्या नळावर नऊ किलोंचा दाब. घरगुती नळाला तीनच्या आसपास पुरतो. उलट वरच्या मजल्यापासून गच्चीवरची टाकी जेमतेम तीन-चार मीटर उंच, म्हणून तिथे दाब अर्धा किलोही नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच. उपाय असा, की साधारण दहा-दहा मजल्यांचे गट करावेत, खालच्या गटांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावेत आणि वरच्या दोन-तीन मजल्यांना छोटा बूस्टर पंप द्यावा. हे सूत्र मी दुसऱ्या वर्षीच शिकलो होतो आणि त्यात मला चांगले गुण होते! नळाशी त्याचा संबंध मात्र कोणी जोडून दाखवला नव्हता, आणि मीही जोडला नव्हता. पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवतो तो हाच संबंध.

आता हवेचे उदाहरण घेऊ. पाचशे माणसांचे सभागृह आहे. शांत बसलेला माणूस सुमारे ११५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. पाचशेंचे झाले साडेसत्तावन्न किलोवॅट. एक टन शीतकरण म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तेव्हा नुसत्या माणसांसाठीच सोळा टनांहून थोडी अधिक क्षमता हवी. छत, भिंती, दिवे आणि बाहेरून घ्यावी लागणारी ताजी हवा यांचा भार वेगळाच. (हा 'टन' वजनाचा नव्हे. ९०७ किलोचा अमेरिकन टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या वेगाचे हे माप आहे.)

माणसाची उष्णता दोन वाटांनी बाहेर पडते, हे येथे ध्यानात ठेवावे. काही भाग हवा तापवतो, काही घामाच्या वाफेतून जातो. वाफेचा हिशेब चुकला तर खोली थंड होते पण चिकचिक राहते. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती मुळात दमटपणा आवरण्यासाठीच, कारण कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते. हवेतील उष्णता आणि बाष्प एकत्र दाखवणारा सायक्रोमेट्रिक तक्ता हे या विषयाचे मुळाक्षर आहे. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. म्हणून तिथे वाळ्याचा कूलर काम करतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तोच तापमापक २८ च्या आसपास थांबतो. कूलरने तिथे फक्त घाम वाढतो. तक्ता वाचता येणारा माणूस नागपूरचा आराखडा मुंबईला चिकटवणार नाही.

आगीचा भाग सर्वांत जबाबदारीचा. उंच इमारतीच्या सुटकेच्या जिन्यात पंख्याने हवा भरून बाहेरच्यापेक्षा सुमारे ५० पास्कल जास्त दाब ठेवतात, म्हणजे धूर आत येत नाही. दाब जास्त ठेवला तर अधिक सुरक्षित, असे वाटते ना? दोन चौरस मीटरच्या दरवाजावर ५० पास्कलने सुमारे दहा किलोंचा जोर येतो. बिजागरी एका कडेला असल्याने मुठीजवळ त्याच्या निम्मा जाणवतो, शिवाय दार आपोआप लावणाऱ्या स्प्रिंगचा जोर. दाब तिप्पट केला तर मुठीजवळ पंधरा किलो होतील आणि म्हातारीला किंवा लहान मुलाला ते दार ढकलता येणार नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये आगीचा भाग चौथा आणि बिल्डिंग सर्व्हिसेसचा आठवा आहे. दोन्ही आतापासूनच वाचायला घ्या.

शिक्षण कुठे घ्यावे? आपल्या देशात या नावाचे अभ्यासक्रम थोडे आहेत. थर्मल, रेफ्रिजरेशन, बिल्डिंग सायन्स अशा नावांखाली शोधावे लागते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने इमारतींच्या ऊर्जाविषयक एम. टेक. साठी नाव कमावले आहे. ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र व्यवसाय मानतात. तेथील चार्टर्ड इन्स्टिट्यूशन ऑफ बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअर्स ही संस्था १९७६ साली या रूपात आली. तिच्या पूर्वसुरींपैकी तापन व वायुवीजनाची संस्था १८९७ ची. एम. एस्सी. सहसा एका वर्षाची असते आणि शेवटचे काही महिने प्रबंधाचे. कोर्सला या संस्थेची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्यापूर्वी पाहावे.

पैशाचा प्रश्न आहेच. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही योजना पदव्युत्तर व पीएच. डी. साठी आहेत. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती खुल्या झाल्या, पण प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले लागते आणि त्यावर मूळ जात व बौद्ध धर्म दोन्हींची नोंद हवी. ते काढायला महिने जातात, तेव्हा शेवटच्या वर्षीच अर्ज करून ठेवा. दुसरा अडथळा क्रमवारीचा. शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि या विषयात मुरलेली काही विद्यापीठे त्या यादीत बरीच खाली असतात. प्रवेश मिळाला पण शिष्यवृत्ती बसत नाही, अशी फजिती होऊ शकते. त्यामुळे आधी त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट वाचा, मग विद्यापीठांची यादी करा. वरच्या क्रमांकाच्या ठिकाणी हाच विषय वेगळ्या नावाने मिळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन अँड इंजिनिअरिंग' या नावाखाली पाहावे. निव्वळ कर्जावर जाणाऱ्याने मात्र परत येऊन येथील पगारात हप्ता बसतो का, हे घरच्यांसमोर बसून मांडावे. नंतर तिकडेच नोकरी लागेल असे गृहीत धरू नये, कारण व्हिसाचे नियम वारंवार बदलतात.

अर्जासोबत आपण हा विषय का निवडला याचे एक-दोन पानी निवेदन लागते. त्यात 'लहानपणापासून यंत्रांची आवड' असे लिहू नका. ते हजारजण लिहितात. एखाद्या रविवारी जवळच्या इमारतीच्या पंपघरात जा. टाकी किती लिटरची, पंप किती अश्वशक्तीचा, तो दिवसात किती तास चालतो, वरच्या मजल्यावर बादली भरायला किती मिनिटे लागतात, हे पंपावरच्या काकांना विचारून वहीत उतरवा. निवेदनाची सुरुवात त्या वहीतल्या आकड्यांनी करा.