अखाजीला मास्तर गावी गेले की

सुरतच्या पांडेसरा जीआयडीसीतल्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये मी काम करतो. आमचे डाईंग मास्तर नाना मूळचे अमळनेरचे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते भुसावळच्या गाडीत बसले की शेडच्या सगळ्या रेसिपी त्यांच्याबरोबर जातात. गेल्या वर्षी राणी रंगाचा एक लॉट तीनदा मारावा लागला. तेव्हा ठरवलं, रेसिपी लिहून ठेवायला लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर डॉकर टाकून विकी बसवायचा. त्यातून शिकलेल्या या पाच गोष्टी.

१. एकाच विकीवर जीव जडवू नका. डॉकरमध्ये प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात, चालतो. त्याचा फायदाच हा की नको झालेला डबा उचलून टाकला तरी कॉम्प्युटरवर फारसा पसारा राहत नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकी आम्हाला जड वाटला. डोकूविकीला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फायलींत राहतात. बुकस्टॅकमध्ये शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी मांडणी. नानांना कपाट कळतं, म्हणून तो घेतला.

२. कमांड टाइप करताना चहा पिऊ नये. कंटेनर बंद करून पुन्हा सुरू करायचा होता. ‘डॉकर कंपोज डाउन’ एवढंच पुरे होतं. नेटवर पाहिलेल्या ओळीत पुढे ‘-व्ही’ होतं, तेही मारलं. नुसत्या ‘डाउन’ने कंटेनर जातो, व्हॉल्यूममधली, म्हणजे डेटाच्या वेगळ्या कप्प्यातली, माहिती राहते, ‘-व्ही’ने व्हॉल्यूमही जातो. महिनाभर नानांच्या मागे फिरून उतरवलेल्या बेचाळीस शेड एका सेकंदात साफ. स्क्रीनवर ‘रिमूव्ह्ड’ अशी शांत ओळ आली, बस्स. आता रोज रात्री डेटाबेसचा डंप आणि अपलोड केलेल्या फायली पेनड्राइव्हवर जातात. महिन्यातून एकदा त्याच डंपवरून दुसऱ्या कंटेनरमध्ये विकी उभा करून बघतो. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा आता विश्वास नाही.

३. ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ज्यावर पत्ता उघडला फक्त तेच मशीन. कापड रंगवण्याच्या जेट मशीनजवळच्या मोबाइलवर लॉगिनचं पान दिसे, बटण दाबलं की मोबाइल स्वतःलाच शोधायला लागे. सेटिंगमधल्या पत्त्यात लोकलहोस्टऐवजी कॉम्प्युटरचा आयपी टाकल्यावर सुटलं. राउटरमध्ये तो आयपी कायमचा बांधून घ्या.

४. मराठीत लिहून बघा, पीडीएफ काढूनही बघा. पडद्यावर ‘पॉलिस्टर’ नीट. पीडीएफमध्ये ल आधी आणि वेलांटी मागून. आम्ही ब्राउझरमधूनच प्रिंट काढतो.

५. नानांना पासवर्ड देऊन काही होत नाही. मी उत्साहाने सगळं दाखवलं, तर म्हणाले, “भाऊ, मनी डायरीले लाइट लागत नही.” खरंच होतं ते. मग मीच जेटपाशी स्टूल टाकून बसलो. १३० अंश, ॲसिटिक ॲसिड टाकून पीएच साडेचार ते पाच, हे सगळं भराभर उतरलं. पण गडद शेडच्या रिडक्शन क्लिअरिंगला, म्हणजे वरचा सुटा रंग धुऊन काढायला, हायड्रो किती, हे विचारलं तर ते पाण्याचा रंग बघत राहिले.

विकीत हायड्रोच्या रकान्यात अजून एवढंच आहे: ‘नानांना फोन करणे’.