रुळांतील अंतर आणि रेल्वेचे प्रकार

बेंगळुरूच्या आग्नेय भागातून जाणाऱ्या सर्जापूर रोडजवळ कार्मेलाराम हे लहानसे रेल्वेस्थानक आहे. बेंगळुरू–सेलम लोहमार्ग तेथून जातो. याच रोडवरून सर्जापूर ते हेब्बाळ असा सुमारे ३७ किलोमीटरांचा मेट्रोमार्ग योजिला असून राज्य शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यास मान्यता दिली. हा मार्ग उभा राहिला, तरी एका मार्गावरील गाडी दुसऱ्यावर नेता येणार नाही. असे का व्हावे?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतरास रूळमाप किंवा गेज म्हणतात. भारतातील रुंदमापी मार्गाचे गेज १,६७६ मिलिमीटर, मीटरमापी मार्गाचे १,००० मिलिमीटर, तर अरुंदमापी मार्गाचे ७६२ किंवा ६१० मिलिमीटर असते. माथेरानची गाडी यांपैकी शेवटच्या मापाची आहे. रुळांतील अंतर कमी असले की तीव्र वळणे घेणे सोपे जाते आणि बांधणीचा खर्चही घटतो. म्हणून डोंगराळ किंवा विरळ वाहतुकीच्या प्रदेशात अरुंद मार्ग घातले गेले. जगातील बहुसंख्य लोहमार्ग मात्र १,४३५ मिलिमीटरांचे, म्हणजे प्रमाणमापी आहेत.

काटकसरीने घेतलेल्या या निर्णयांची किंमत पुढे मोजावी लागली. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे मार्ग रुंदमापी झाला. १८६४ मध्ये मद्रासकडून बेंगळुरूस आलेला मार्गही तसाच होता. परंतु १८८२ मध्ये पूर्ण झालेला बेंगळुरू–म्हैसूर मार्ग मीटरमापी निघाला. १९७० च्या दशकात पुणे–मिरज मार्ग रुंदमापी झाल्यावर मिरजेपुढे बेंगळुरूकडे जाणाऱ्या प्रवाशास तेथे गाडी बदलावी लागे. मालाचे तर प्रत्येक पोते हमालांकरवी एका वाघिणीतून दुसरीत हलवावे लागे. वेळ जाई, खर्च वाढे आणि नासधूसही होई. ही अडचण १९९० च्या दशकातील रूळमाप-परिवर्तनाने दूर झाली. देशभर एकच माप करण्याचे धोरण १९९२ मध्ये स्वीकारण्यात आले होते.

तथापि गेज आणि रेल्वेचा प्रकार या एकच गोष्टी नव्हेत. दिल्ली मेट्रोचे २००२ पासूनचे आरंभीचे मार्ग रुंदमापी आहेत, नंतरचे अनेक प्रमाणमापी. जपानची वेगवान शिंकान्सेन प्रमाणमापी असूनही तिचे डबे चांगले रुंद असतात. प्रकार ठरतो तो कार्यावरून. मुख्य रेल्वे प्रवासी व माल दोन्ही वाहते. उपनगरी रेल्वे शहराला भोवतालच्या गावांशी जोडते; बेंगळुरूत योजिलेला हीललिगे–राजानुकुंटे हा उपनगरी मार्ग रुंदमापीच आहे. मेट्रो मात्र शहरांतर्गत, जवळजवळच्या स्थानकांवर थांबत, थोड्या थोड्या वेळाने धावते; तिच्या मार्गावर मालगाड्या नसतात.

बेंगळुरूची मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली. तिचे गेज प्रमाणमापी असून रुळालगतच्या तिसऱ्या रुळातून तिला ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळतो. रेल्वेच्या विद्युत् इंजिनास वरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. म्हणजे गेज एक केले, तरी गाड्यांची अदलाबदल होणार नाही.

मग उपाय कोणता? रूळ जुळत नसतील, तेथे स्थानके जुळवावी लागतात. कार्मेलारामला उतरलेल्या माणसास छपराखालून, थोड्या पावलांत, मेट्रोचा फलाट गाठता आला, तर मापांतील फरक त्याला जाणवणारही नाही. तसे झाले नाही, तर मिरजेच्या हमालाचे ओझे येथे प्रवाशाच्याच डोक्यावर येईल.