उभ्याने घेऊ नकोस

कळे, ता. २६ मे

चि. सोनी हिस,


तू पाठवलेला फोटो पाहिला. काळा रेनसूट, छातीवर चंदेरी पट्टी, किंमत अकराशे, आणि खाली तुझा प्रश्न, "मामा, घेऊ का?" लगेच 'घे' म्हटलं असतं तर तू संध्याकाळपर्यंत घेऊन मोकळी झाली असतीस. पण गगनबावड्याच्या रस्त्यावर मी सत्तावीस पावसाळे मोटारसायकलवर काढले, मागे जनावरांच्या लसींची पेटी बांधून. त्यातले पहिले सात-आठ नुसते भिजण्यात गेले. फोनवर हे सांगायला लागलो की तू "हां मामा, हां मामा" करत जेवायला बसशील, म्हणून लिहितो.

आपल्या पडवीत इरलं टांगलेलं असायचं, आठवतं का? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि आत पळसाची पानं. रोप लावताना वाकलेल्या आजीच्या पाठीवर ते कासवाच्या पाठीसारखं बसायचं. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी. तेच इरलं घेऊन ती ताठ उभी राहिली की गैरसोयीचं व्हायचं, वाऱ्याला फडफडायचं. ज्यानं ते विणलं त्याला ठाऊक होतं की ही बाई दिवसभर ओणवी असणार. तुझा सूट ज्यानं शिवला त्याला तू दिवसभर गाडीवर बसलेली असणार हे ठाऊक होतं का, एवढंच तुला शोधायचंय. दुकानातल्या आरशापुढे माणूस उभा असतो. तिथं सगळेच सूट छान दिसतात.

म्हणून कोल्हापुरात महाद्वार रोडला जा नाहीतर शाहूपुरीत, पण गाडी दुकानासमोर लाव आणि सूट घालून तिच्यावर बस. लाज वाटू देऊ नकोस. पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर, आणि मग स्वतःकडे बघ. पँट नडगीवर वीतभर चढली का? जाकीट मागून उचलून कमर उघडी पडली का? बाही मनगट सोडून वर गेली का? उभ्याने अगदी बेताचा बसणारा सूट गाडीवर हमखास आखूड पडतो. एक माप मोठा घे. त्यातून हे बहुतेक सूट पुरुषांच्या अंगावर बेतलेले. खांदा बघून घेतलास तर नितंबाला ओढ बसते, आणि ओढ बसली की बैठकीची शिवण पहिल्या महिन्यात उसवते. तू नितंबाचं माप धर. बाह्या आणि पाय लांब झाले तर चालतील, टोकाला वेल्क्रोची पट्टी असते, ती आवळायची.

दुकानदार तुला 'लेडीज' म्हणून लांब फ्रॉकसारखा कोट दाखवेल. तो चालायला चांगला, स्कूटीला बरा. तुझ्या बाबांची स्प्लेंडर मात्र मांड टाकून चालवायची गाडी आहे. मांड टाकली की तो कोट समोरून दुभंगतो आणि दोन्ही गुडघे उघडे. पोंचो तर नकोच, वाऱ्यानं तोंडावर येतो. नखशिखांत एकच सलग सूट असतो, तो पाणी चांगलं अडवतो, कारण कमरेला फटच नाही. पण तुझ्या नव्या नोकरीच्या उपकेंद्रावर पोचल्यावर, किंवा वाटेत साळवणला चहाला थांबलीस आणि बाथरूमला जायचं झालं तर, तो अख्खा उतरवावा लागेल. बायकांनी जाकीट आणि पँट वेगवेगळंच घ्यावं. फक्त जाकीट नितंबाखाली येणारं हवं आणि पँटची कंबर उंच.

आता मुख्य जागा. ज्यानं पाऊस गाडीवर काढलाय त्याला विचार, पहिल्यांदा कुठं ओलं होतं? छाती नाही, खांदे नाहीत. मांड्यांच्या मध्ये. टाकी आणि मांड्या यांच्यात वरून वाहून आलेल्या पाण्याचं तळं साचतं, त्यात तू बसलेली असतेस, आणि नेमक्या तिथंच पँटच्या चार शिवणी एकत्र येतात.

सुटावर कधी कधी १५००, ३०००, ५००० असा मिलिमीटरचा आकडा लिहिलेला असतो. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपणार नाही, असा त्याचा अर्थ. वाटतं, दीड मीटर पाणी म्हणजे खूप झालं. पण हिशेब कर. तुझं वजन ५५ किलो, आणि सीटला टेकणारी जागा जेमतेम अर्धा चौरस फूट. एवढ्यानेच हजार-बाराशे मिलिमीटरचा दाब होतो. त्यात गाडी खड्ड्यात आदळली की दुप्पट. म्हणजे १५०० चा सूट छातीवर कोरडा राहील आणि बुडाखाली पाझरेल. पँटचा आकडा जाकिटापेक्षा जास्त महत्त्वाचा, आणि लोक नेमकं उलटं करतात, जाकीट न्याहाळतात आणि पँट घडीतच घरी नेतात.

पण आकड्यापेक्षाही मोठी गोष्ट शिवण. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याची वाट. ही गोष्ट जुनी आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड काढलं, पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि ते सुईच्या भोकांतून गळायला लागले. दोनशे वर्षं झाली, अजून तेच. उपाय म्हणजे शिवणीवर आतून गरम करून चिकटवलेली पट्टी. सूट उलटा कर, प्रत्येक शिवणीवर दुधी रंगाची, बोटभर रुंदीची पट्टी दिसली पाहिजे. नखानं तिचा कोपरा उचलून बघ. सुटला तर तो सूट ठेवून दे. आत जाळीचं अस्तर असेल तर पट्टी दिसत नाही, तेव्हा पायाच्या टोकाकडून अस्तर वर सारून बघ. चार शिवणी मिळतात तिथं पट्टीवर आणखी एक ठिगळ असेल तर बनवणाऱ्यानं विचार केलाय असं समज.

घरी आणल्यावर बिल जपून ठेव आणि त्याच दिवशी पँट उलटी न करता दोरीवर कंबरेनं टांग, बैठकीच्या झोळीत तांब्याभर पाणी ओत आणि दहा मिनिटं खाली बघत बस. थेंब आला तर दुसऱ्या दिवशी बदलून आण. मी एकदा हे न करता घेतला, आणि मृगाच्या पहिल्याच सरीत मांडुकलीपर्यंत पोचेतोवर जनावरांचा डॉक्टर म्हशीसारखा बसून होता पाण्यात. दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही. बरोबरच होतं त्याचं, चूक माझी.

कापडाचं म्हणशील तर तीन प्रकार. जाड पीव्हीसीचा सूट पाच-सातशेत मिळतो, पाणी अजिबात आत घेत नाही, पण घामही बाहेर सोडत नाही. शिवाय दोन पावसाळ्यांत घडीवर तडकतो. दुसरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, आतून लेप दिलेला, हजार ते दोन हजारांत. तुझ्यासाठी हाच. तिसरा 'ब्रीदेबल', म्हणजे वाफ बाहेर सोडणारा, तो चार-पाच हजारांच्या पुढे. चीज चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असली आणि वरचं कापड भिजून जड झालं की घामाच्या वाफेला जायला जागा उरत नाही, आणि आपल्या बावड्याकडच्या जुलैत हवा तशीच असते. पहिल्या पगारातून त्यावर खर्च नको. घामानं आत थोडी ओली होशीलच, म्हणून सूट गळका नव्हे, एवढं लक्षात ठेव. आतून सुती कुर्त्याऐवजी पटकन वाळणारा घाल.

काळा रंग नकोच, हे स्पष्ट सांगतो. मी पण काळाच घेतला होता, डाग दिसत नाहीत म्हणून. बालिंग्याच्या अलीकडे एका ट्रकनं संध्याकाळी मला ओलांडताना इतकं चेपलं की मी थेट उसात गेलो. पुढं थांबून ड्रायव्हर खाली उतरला, पाया पडला, म्हणाला, साहेब, दिसलाच नाही. खोटं बोलत नव्हता तो. पावसात रस्ता काळा, आभाळ काळं, त्यात मी काळा. भडक पिवळा किंवा नारिंगी घे. मैत्रिणी नगरपालिकेची गाडी म्हणतील, म्हणू देत. पाठीवर चमकती पट्टी असावी, छातीवर नसली तरी चालेल, कारण समोरच्याला तुझा दिवा दिसतो.

बाकीचं थोडक्यात. चेनवर दुहेरी झडप आणि तिला वेल्क्रो हवं. डोक्याची टोपी हेल्मेटच्या आत घालू नकोस, हेल्मेट नीट बसत नाही. ती गुंडाळून कॉलरमध्ये ठेव आणि गळ्याभोवती जुना पंचा घे. पँटचे पाय गमबुटाच्या बाहेरून सोड, आतून नको, नाहीतर बूट विहीर होतात. स्प्लेंडरचा गिअर टाचेनंही पडतो, त्यामुळे गमबुटाची अडचण येणार नाही. सीटचं कव्हर फाटलेलं असेल तर आधी ते बदल. आतला फोम पाणी पितो आणि खालून तुला भिजवतो, मग लोक सुटाला शिव्या देतात.

सांभाळणं निम्मं काम आहे. ओला सूट पिशवीत कोंबू नकोस. साबण-मशीन-इस्त्री यांतलं काही नाही, नुसत्या पाण्यानं धू आणि सावलीत पसर. चुलीजवळ तर मुळीच नाही. घरी अक्काला हे तूच सांग, ती वाळवण्याच्या उत्साहात सगळं चुलीपुढं मांडते. घडीत ओल राहिली की कुबट वास येतो आणि आतला लेप चिकट होऊन कोंड्यासारखा सुटतो. एखादी शिवण पाझरू लागली तर शिवण बुजवायची ट्यूब मिळते, आतून दोन पातळ हात दे आणि रात्रभर ठेव.

आणि पंचगंगा चढली, मांडुकली-खोकुर्ल्याला रस्त्यावर पाणी आलं की सूट घरात राहू दे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. हे आकडे सुटावरच्या आकड्यांपेक्षा आधी बघत जा. रजेचा अर्ज मी लिहून देतो.

अकराशेचा तो काळा सूट राहू दे. शनिवारी मी कोल्हापूरला येतोय, दोघं मिळून बघू. तांब्या मी आणतो.

तुझा,
दादामामा

ता. क. स्प्लेंडरचा सायलेन्सर उजवीकडे. उतरताना पँटचा पाय त्याला लागला की क्षणात वितळतो, वास येईपर्यंत भोक पडलेलं असतं. पहिला आठवडा डावीकडूनच चढ आणि डावीकडूनच उतर.