लहान शहरांतील हॉकीचे संघ : टिकाव कशाने धरतात?

जानेवारी २०२४ मध्ये ओमानची राजधानी मस्कत येथे पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताला नेदरलँड्सकडून पराभव पत्करावा लागला; परंतु रौप्यपदक मिळविणाऱ्या त्या भारतीय संघात अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या दोन खेळाडू सातारा जिल्ह्यातील होत्या. आदल्याच वर्षी, २०२३ साली, हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघात फलटण तालुक्यातील आसू या गावची वैष्णवी फाळके होती. सातारा-सांगली हा भाग कुस्ती, कबड्डी आणि खो-खो यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील अवर्षणप्रवण पूर्व भागातून हॉकीसारख्या खर्चिक खेळात मुली देशपातळीवर पोहोचाव्यात, ही गोष्ट कौतुकाची तर आहेच. परंतु ती विचार करावयास लावणारीही आहे.

उत्तम खेळाडूंची निवड क्रीडाप्रबोधिनीसाठी होते व त्यांचा पुढील सराव पुण्यास होतो. ज्यांची निवड होत नाही त्यांच्यासाठी शालेय स्पर्धा असतात. त्या चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांत घेतल्या जातात. एकोणीस वर्षे पूर्ण झाली की शाळेचे दार बंद होते, आणि गावात प्रौढांचा संघ नसेल तर खेळही तेथेच संपतो. म्हणून लहान शहरात कायम स्वरूपाचा संघ टिकू शकतो काय व तो कोणाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

नावाचा संघ आणि गावाचा संघ

अलीकडे व्यावसायिक लीगमुळे गावाचे नाव धारण करणारे संघ निघू लागले आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेत २०२५ च्या हंगामात साताऱ्याच्या नावाचाही एक संघ उतरला. सामने मात्र पुण्याजवळील गहुंजे येथील मैदानावर झाले. यात आयोजकांचा दोष नाही. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, रात्रीचे दिवे व निवासव्यवस्था एकाच ठिकाणी असणे त्यांना सोयीचे पडते. परंतु ज्या संघाचा सामना गावात होत नाही, त्याच्यापासून गावातील मुलास केवळ नावाचा अभिमान मिळतो. मैदान किंवा मार्गदर्शक मिळत नाही.

हॉकीचा अनुभव याहून बोलका आहे. २०१३ साली सुरू झालेली हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली व डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. महिलांची लीग जानेवारी २०२५ मध्ये प्रथमच झाली. तीत चार संघ होते आणि सर्व सामने रांची येथे झाले. मुंबईसारख्या महानगराच्या नावाचे संघही या लीगमध्ये बदलत गेले. तेव्हा फलटण, कराड, इस्लामपूर किंवा विटा यांसारख्या शहरांनी अशा लीगच्या धर्तीवर संघ उभारण्याचा विचार करणे व्यवहार्य ठरणार नाही.

तीन खर्च

कोणत्याही संघाच्या जमाखर्चात तीन मोठ्या बाबी असतात. पहिली बाब प्रवासाची. संघ सामन्यासाठी जितका दूर जाईल, तितका वाहन, निवास व भोजन यांवरील खर्च वाढतो, आणि शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या खेळाडूंचे दिवसही बुडतात. दुसरी बाब मैदानाची. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून आंतरराष्ट्रीय हॉकी कृत्रिम पृष्ठभागावर गेली. ९१.४ मीटर लांब व ५५ मीटर रुंद असे हे मैदान बसविणे खर्चाचे असते, आणि त्याचा प्रचलित प्रकार खेळापूर्वी पाण्याने भिजवावा लागतो. ज्या माण, खटाव व फलटणच्या टापूत पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लावण्याची वेळ येते, तेथे ही अडचण लहान नाही. तिसरी बाब खेळाडूंच्या योगक्षेमाची. खेळाडूस पोट असते, घर असते. नोकरी किंवा मानधन यांपैकी एकाचा आधार नसेल तर तो संघ सोडून जातो.

तिकीटविक्रीतून हे तिन्ही खर्च भागतील अशी अपेक्षा लहान शहरात धरता येत नाही. म्हणून संघाची खरी कसोटी एवढीच की हे खर्च उचलणारे स्थानिक बळ त्याच्यामागे आहे की नाही.

बर्फावरील हॉकीचे धडे

उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळली जाणारी हॉकी अनेक लहान शहरांत रुजलेली आहे. खेळ वेगळा असला तरी तेथील हिशेब येथेही उपयोगी पडतो. अलास्का या दूरस्थ राज्यातील अँकरेज येथील ‘अलास्का एसेस’ या संघाने २००६, २०११ व २०१४ अशी तीन वेळा आपल्या लीगचे अजिंक्यपद मिळविले. तरीही २०१७ साली तो बंद झाला. खनिज तेलाच्या मंदीने प्रेक्षक व जाहिरातदार घटले, आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी हजारो किलोमीटर दूर असल्याने विमानप्रवासाचा भार मात्र कायम राहिला. विजयाने संघ तरतोच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

याउलट पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी हे चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेले छोटे गाव. तेथील संघ १९३८ पासून आपल्या लीगमध्ये अखंड खेळत आहे. कारखान्याच्या संस्थापकाने उभारलेल्या उद्योगसमूहाने क्रीडागृह बांधले व संघ सांभाळला. कॅनडातील स्विफ्ट करंट हे सुमारे सतरा हजार वस्तीचे, म्हणजे फलटणहूनही कितीतरी लहान शहर. तेथील कुमार खेळाडूंचा संघ १९७४ मध्ये दुसऱ्या शहरात गेला. १९८६ मध्ये नागरिकांनी तो परत आणला व सामुदायिक मालकीचा केला. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी संघाच्या बसला झालेल्या अपघातात चार खेळाडू मृत्युमुखी पडले. एवढ्या आघातानंतरही गावाने संघ मोडला नाही, आणि २०१८ साली त्याच संघाने आपल्या लीगचे अजिंक्यपद पटकावले. हर्शीने कारखान्याच्या आणि स्विफ्ट करंटने लोकांच्या बळावर संघ जगविला.

कृष्णाकाठची परंपरा

ही दोन्ही बळे सातारा-सांगलीस अपरिचित नाहीत. यात्रेतील कुस्तीचे मैदान हे त्याचे ठळक उदाहरण होय. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते, आखाड्याची माती तयार करते, जोड्या ठरविते. सुरुवातीस लहान मुलांच्या कुस्त्या होतात व दिवस कलता कलता पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. शेजारच्या गावांच्या यात्रा वेगवेगळ्या तिथींना असल्याने मल्लास हंगामभर थोड्या प्रवासात अनेक कुस्त्या मिळतात. नियमावली न छापता चालत आलेली ही एक प्रकारची लीगच आहे. सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन या व्यवस्थेस आणखी आधार दिला. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चामागेही लोकांची वर्गणी होती. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे मारुती माने हे सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे.

या परंपरेच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. तिचा आश्रय प्रामुख्याने एकेका मल्लास मिळाला. अकरा जणांच्या संघास वर्षभर सांभाळण्याची सवय तिला नाही. मुलींच्या वाट्यास तर हा आश्रय फार उशिरा व अपुरा आला. शिवाय एका पुढाऱ्याच्या किंवा एका कारखान्याच्या मर्जीवर उभा असलेला संघ त्या कारखान्याचा हंगाम बिघडताच अडचणीत येतो. म्हणून भार अनेक खांद्यांवर वाटलेला असणे हिताचे ठरते.

व्यवहार्य आराखडा

या विवेचनावरून काही गोष्टी निश्चित करता येतात. प्रारंभ पाच खेळाडूंच्या हॉकीने करावा. तिचे मैदान मोठ्यात मोठे घेतले तरी सुमारे ५५ मीटर लांब व ४२ मीटर रुंद, म्हणजे पूर्ण मैदानाच्या निम्म्याहून कमी असते. शाळेच्या सपाट, दगडगोटे वेचलेल्या मैदानावर तिचा सराव करता येतो. संघ लहान असल्याने एका जीपगाडीत जाऊ शकतो. ज्या प्रकारात साताऱ्याच्या मुलींनी जागतिक रौप्यपदकात वाटा उचलला, तोच प्रकार लहान गावाच्या ऐपतीस मानवणारा आहे, हा योग दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दुसरे असे की, स्पर्धा शेजारच्या शहरांतच ठेवाव्यात. सातारा ते कराड हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर असून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. फलटण, सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली अशी साखळी जुळली तर मुक्कामाचा खर्च बहुतांशी टळेल. तिसरे म्हणजे संघाची मालकी नोंदणीकृत मंडळाकडे असावी. त्यात पालक, माजी खेळाडू, व्यापारी व सहकारी संस्था यांचे लहान लहान वाटे असावेत आणि वार्षिक हिशेब सर्वांसमोर मांडला जावा. गावोगावच्या सहकारी संस्थांचे सभासद वार्षिक सभेत हिशेब विचारण्यास सरावलेले आहेत. तीच सवय येथे उपयोगी पडेल.

कृत्रिम मैदान प्रत्येक तालुक्यास लगेच मिळणे कठीण आहे. ते एका मध्यवर्ती ठिकाणी व्हावे आणि जागा निवडताना पाण्याची उपलब्धता व देखभालीची वार्षिक तरतूद आधी तपासावी. बांधकामास निधी मिळतो, देखभालीस मिळत नाही, आणि उद्घाटनानंतर थोड्याच वर्षांत कुंपण तुटते, हा अनुभव अनेक ठिकाणी येतो.

ग्रामपंचायतींचे काम याहून साधे, परंतु मूलभूत आहे. शाळेच्या मैदानाची मोजणी करून हद्द कायम करणे, त्यावर अतिक्रमण होऊ न देणे व सायंकाळी ते गावातील मुलामुलींसाठी खुले ठेवणे, एवढे झाले तरी निम्मे काम झाले. शिक्षकांनी शाळा सोडून गेलेल्या खेळाडूंची नोंद ठेवावी व त्यांना सरावासाठी पुन्हा बोलवावे. विशेषतः मुलींच्या बाबतीत घरी जाऊन पालकांशी बोलणे आणि अंधार पडण्यापूर्वी परतण्याची सोय करणे, या गोष्टी कोणत्याही अनुदानाइतक्याच मोलाच्या आहेत.

देशाच्या संघात पोहोचणाऱ्या मुली थोड्याच असणार. त्यांच्याबरोबर त्याच मैदानावर धावलेल्या, परंतु निवड न झालेल्या मुली अधिक आहेत. विसाव्या वर्षीही त्यांच्या हाती स्टिक राहिली आणि रविवारी शेजारच्या गावाशी सामना ठरला, तर लहान शहराचा संघ खऱ्या अर्थाने टिकला असे म्हणता येईल.