नवा पार्ट, जुना बोल्ट आणि अर्ध्या इंचाचा घोटाळा

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा धंदा चाकांवर चालतो. कोणाचा कापडाचा, कोणाचा फर्निचरचा, कोणाचा भाजीपाल्याचा; मालाची लहान गाडी दारात असतेच. गाडीच्या कमानी, बुश, शॉकअप हा भाग लवकर झिजतो, आणि कंपनीचा महाग पार्ट घेण्याऐवजी आपण बाजारातला दुसऱ्या मेकचा पार्ट घेतो. त्यात वावगे काही नाही, कित्येक पार्ट उत्तम निघतात. घोटाळा पार्टात कमी आणि त्याच्या नटबोल्टात, नळीत, वायसरात जास्त असतो. चाळीस-पन्नास रुपयांच्या या वस्तूंकडे ना मालक पाहतो, ना पोऱ्या.

आम्ही कापडवाले. आमच्या लेखी 'सूत' म्हणजे धागा. गॅरेजात मात्र सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि 'चार सुती बोल्ट' म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट. हा अर्थ आम्हाला नुकसान सोसून कळला.

झाले असे. लग्नसराईचा माल भिवंडीहून मालेगावला पाठवायचा होता. आदल्या दिवशी गाडीच्या मागच्या कमानींचे बुश बदलून घेतले. पाकिटात बुशाबरोबर बोल्ट व नट आले होते. बोल्ट ब्रॅकेटच्या भोकात जाईना. कारागिराने जुना बोल्ट पुसून घातला, पण जुना नट गंजलेला म्हणून पाकिटातला नवा नट चढवला. नट बोटांनी सरसर फिरला, पान्याने घट्टही झाला. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी कसारा घाट चढताना मागून खट्‌खट् आवाज येऊ लागला. ड्रायव्हर समजूतदार, त्याने गाडी हळू चालवत इगतपुरीला आणून उभी केली. खाली पाहिले तर नट टोकाशी लोंबकळत होता आणि ब्रॅकेटचे गोल भोक लांबट झाले होते. बोल्ट निसटला असता तर कमान सुटून ॲक्सल एका बाजूला सरकला असता, आणि घाटात त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा लागला.

तिथल्या एका वृद्ध उस्तादांनी व्हर्नियर लावून आम्हाला खरा प्रकार दाखवला. आमचा जुना बोल्ट १२ मि.मी. जाडीचा, बारीक आट्यांचा, म्हणजे दोन आट्यांमध्ये १.२५ मि.मी. अंतर. पाकिटातला नट चार सुती, म्हणजे १२.७ मि.मी.चा, इंचाला २० आटे. त्याचे अंतर होते १.२७ मि.मी. दोन्हींत केसाएवढाच फरक! म्हणूनच नट बिनतक्रार चढला. पण नटाचे पोट मोठे असल्यामुळे आटे एकमेकांत जेमतेम निम्मे शिरले होते. रिकामी गाडी असती तर कदाचित काही दिवस निभावले असते. मालाचा बोजा आणि खड्ड्यांचे धक्के यांनी आटे सोलून निघाले. हाच बोल्ट १.७५ अंतराच्या जाड आट्याच्या नटात घातला असता तर दोन फेऱ्यांत अडकला असता. न चढणारा नट निदान खरे बोलतो. सरसर चढून हलणारा नट फसवतो. तेव्हा नट अर्धा चढवून हलवून पाहावा. तो डुगडुगला तर काढून टाकावा.

आता मूळ गोष्ट. बोल्टाचे काम खुंटीसारखे अडकून राहण्याचे आहे असे आम्ही समजत होतो. तसे नाही. बुशाच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट घट्ट केला की ब्रॅकेटचे दोन्ही कान त्या नळीला दोन बाजूंनी चिमटीत धरतात, आणि त्या दाबानेच सांधा स्थिर राहतो. हलायचे काम फक्त रबराने करायचे. चिमटा सैल पडला की बोल्ट भोकात हातोड्यासारखा ठोकत राहतो. म्हणून नळीची लांबी, नळीचे भोक आणि बोल्टाची जाडी ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत. मापे गाडी खोलण्याआधी घ्यावीत, नाहीतर गाडी जॅकवर आणि मालक दुकानाच्या पायरीवर अशी गत होते. ठोकून बसवलेला बुश दुकानदार परत घेत नाही, आणि त्याचा दोषही नाही. बिल व पाकीट जपून ठेवावे.

नळी कानांमधल्या जागेपेक्षा थोडी लांब असेल तर कान हातोड्याने फाकवू नयेत. टर्नरकडून नळीचे टोक खरादावर काटकोनात घासून घ्यावे, रबराला धक्का न लावता. नळी मिलीमीटर-दोन मिलीमीटर आखूड असेल तर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे कडक पोलादी वायसर घालावेत. याहून जास्त फरक असेल तर पार्टच वेगळ्या गाडीचा समजावा. नळीचे भोक मोठे आणि बोल्ट बारीक असेल तर काही कारागीर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळतात. तो पत्रा चार खड्ड्यांत चुरगळतो. टर्नरकडून पोलादी बारीक नळी कातून घेतली तर खर्च थोडा आणि काम पक्के. उलट भोक लहान आणि बोल्ट जाड असेल तर रबरी बुशात ड्रिल चालवू नये. गरम झाल्याने रबराची पकड सुटते. तसेच बारीक बोल्ट घालून वेळ मारून नेऊ नये. बुश बदलून आणावा.

बोल्ट विकत घेताना डोके पाहावे. मिलीमीटरच्या बोल्टावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, इंची बोल्टावर रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच, सहा रेघा म्हणजे ग्रेड आठ. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो खिडकीच्या जाळीला लावावा. जुन्याचा जो आकडा तोच नव्याचा, आणि नटही त्याच दर्जाचा. शेंड्यापासून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्टही इथे चालत नाही. ब्रॅकेटच्या भोकात आणि नळीत गुळगुळीत भाग यायला हवा, कारण आटे भोकाला कानसासारखे घासतात. नायलॉनवाला नट एकदा काढला की पुन्हा वापरू नये. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला असा माल मिळतो. जुना बोल्ट खिशात घेऊनच जावे, तोंडी माप सांगू नये.

आमचे लांबट झालेले भोक दुरुस्त करताना उस्तादांनी बॅटरीची वायर काढली, बुश काढून घेतला, आणि ब्रॅकेटवर बरोबर मापाची जाड चकती वेल्ड केली. कमानीच्या पाट्याला मात्र वेल्डिंगची ठिणगीही लागू दिली नाही. पाण्यावर चढवलेले पोलाद तापले की पाटा तिथेच तुटतो, असे ते म्हणाले. यू बोल्ट काढले होते, तेही नवे लावले, आणि चारही नट आळीपाळीने तिरपे कसले.

शेवटची कसणी त्यांनी गाडी जमिनीवर उतरवून केली. आम्हाला वाटले, खाली सरपटत जाण्याचा हा त्रास कशाला? कारण असे की, चाके लोंबकळत असताना नट कसला तर नळी त्याच स्थितीत पकडली जाते, आणि गाडी खाली येताच रबर पिळले जाते. मग ते रात्रंदिवस पिळलेलेच राहते व काही महिन्यांत फाटते. आपण दुकानदाराला शिव्या देतो. पान्याला पाइप लावून ताकद आजमावण्याची सवयही वाईट. गाडीच्या पुस्तकात कसणीचा आकडा दिलेला असतो, आणि टॉर्क पाना चांगल्या गॅरेजात असतो. पुढच्या चाकांचे शॉकअप बदलले असतील तर त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.

निघताना त्यांनी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली. मालेगावहून परतताना ड्रायव्हरने वाकून पाहिले. यू बोल्टाच्या दोन नटांवरची रेघ किंचित तुटली होती, ते त्याने तिथेच पुन्हा कसले. बाकीच्या रेघा सरळ होत्या.