उसाचा ट्रक : जुना ठेवावा की बीएस-६ घ्यावा?

प्रश्न : माझा बीएस-४ ट्रक श्रीपूरच्या साखर कारखान्याला ऊस वाहतो. नव्या नियमांमुळे तो विकावा का?

उत्तर : घाई नको. १ एप्रिल २०२० चा बीएस-६ नियम नव्या गाड्यांसाठी आहे; तुमच्या ट्रकला पीयूसीत धुराची मर्यादा १.६२ चीच. ‘नवी गाडी डिझेल वाचवते’ हे मान्य केले, तरी हंगाम चारेक महिन्यांचा आणि हप्ता बारा महिन्यांचा. शिवाय गाडीतळावर इंजिन चालू ठेवून रांगेत थांबले की एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि बीएस-६ च्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये (डीपीएफ) काजळी साठते. हंगामाबाहेर दिल्लीची भाडी मारत असाल तर मात्र हिशेब उलटतो : बाहेरच्या बीएस-४ मालगाड्यांना तिथे प्रवेशाची सवलत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच जाहीर झाली आहे. पीयूसी चुकवू नका. दंड दहा हजारांपर्यंत आहे.