इफिसातील पुस्तके आणि बंदरावरील पहारा

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 19:11-41, मत्तय 5:27-30, मत्तय 18:6

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आम्हा काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा शास्त्राभ्यास आठवड्यातून एकदा भरतो. प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय वाचून झाल्यावर एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमच्या तरुणपणी असली घाणेरडी मासिके परदेशातून चोरून आणावी लागत. बंदरावर सापडली की जप्त होत. आता हातातल्या फोनवर सारे उघडे आहे. इफिसकरांनी पुस्तकांची होळी केली, तशी सरकारनेच एकदा करून टाकावी." त्यावर दोन मुलांची आई असलेल्या एका भगिनीने विचारले, "पण काका, इफिसात ती होळी सरकारने कुठे केली होती?"

त्या एका प्रश्नाने आमच्या पुढील तीन बैठका घेतल्या. प्रस्तुत पाठ त्यातूनच सिद्ध झाला आहे.

प्रथम हा पहारा कसा असतो ते पाहू. परदेशातून येणाऱ्या अश्लील मजकुरावर बंदी घालण्याची तरतूद 1878 च्या सागरी जकात कायद्यातच होती. पुढे 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 11 ने, सभ्यता व नीतिमत्ता राखण्यासाठी कोणत्याही मालाची आयात रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्या अधिकारात 18 जानेवारी 1964 रोजी अधिसूचना निघाली आणि अश्लील पुस्तक, पुस्तिका, कागद, रेखाटन, चित्र वा वस्तू यांना देशाचे दार बंद झाले. मात्र अश्लील म्हणजे काय, हे अधिसूचना सांगत नाही. ज्या अधिकाऱ्याचा दिवस यंत्रांचे सुटे भाग आणि कापडाचे तागे यांवरील शुल्क आकारण्यात जातो, त्याच्याच टेबलावर एखादे दिवशी चित्रांचे पुस्तक येते, आणि ती कला आहे की किळस याचा निवाडा त्याला करावा लागतो. त्याची कीव करावी की त्याचे भय बाळगावे, हे मला अजून उमगलेले नाही.

चित्रपटांना जशी वयानुसार प्रतवारी असते, तशी आपल्या देशात पुस्तकांना नाही. न्यूझीलंडसारख्या देशात 1993 च्या कायद्याने पुस्तके व मासिके यांचीही प्रतवारी करणारे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. अमुक पुस्तक अमुक वयाच्या पुढील वाचकांसच द्यावे, असा मधला मार्ग तेथे उपलब्ध आहे. आपल्याकडे छापील पुस्तकाच्या नशिबी दोनच निकाल येतात. ते एकतर निर्दोष असते, नाहीतर गुन्हा असते.

हा गुन्हा मोजण्याची जी कसोटी आपल्या न्यायालयांनी दीर्घकाळ वापरली, तिचा जन्म कोणत्या पुस्तकावरून झाला हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. इंग्लंडात 1857 साली अश्लील प्रकाशनांच्या नाशाचा कायदा झाला. त्यानंतर वुल्व्हरहॅम्प्टन गावी हेन्री स्कॉट नावाच्या एका व्यापाऱ्याच्या घरातून एका पुस्तिकेच्या 252 प्रती जप्त करण्यात आल्या. ती पुस्तिका कोणा विषयलंपटाने छापलेली नव्हती. ती एका प्रॉटेस्टंट संघटनेची प्रचारपुस्तिका होती! कॅथलिक धर्मगुरूंनी पापकबुलीच्या वेळी विचारावयाच्या प्रश्नांविषयीच्या ग्रंथांतील उतारे त्यात लॅटिन व इंग्रजीत दिलेले होते. स्कॉट तिच्यावर नफा घेत नसे. आपण धर्मकार्यच करीत आहोत अशी त्याची श्रद्धा होती. खालच्या एका न्यायाधिकाऱ्याने त्याचा हेतू शुद्ध मानून प्रती परत देण्याचा निर्णय दिला. परंतु 1868 साली वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी ठरविले की लेखकाचा हेतू पाहावयाचा नाही. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांच्या हाती हे लिखाण पडले तर ते त्यांना भ्रष्ट करील काय, एवढेच पाहावयाचे. हीच ती प्रसिद्ध हिकलिन कसोटी.

येथे क्षणभर थांबावे. आपल्याच कॅथलिक बांधवांची निंदा करण्यासाठी काढलेली ती पुस्तिका होती, आणि तिच्याविषयी मला मुळीच प्रेम नाही. तथापि एका ख्रिस्ती माणसाच्या हातातील, त्याच्या मते धार्मिक असलेल्या पुस्तिकेवरून जगातील अश्लीलतेची कसोटी घडावी, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. त्या कसोटीला पवित्र शास्त्रातील सुटा उतारा लावून पाहा. यहेज्केलाचा तेविसावा अध्याय तिच्यातून पार पडेल काय? गीतरत्न पार पडेल काय? भारतीय दंडविधानाच्या कलम 292 मध्ये धार्मिक उपयोगासाठी प्रामाणिकपणे ठेवलेल्या ग्रंथांचा आणि देवळांवरील शिल्पांचा अपवाद केलेला होता. म्हणजे आपले शास्त्र कसोटीला उतरले म्हणून वाचले असे नाही; ते अपवादाच्या आडोशाने वाचले.

ही कसोटी स्वतंत्र भारतात ज्या निकालाने पक्की झाली, त्याचा आमच्या शहराशी थोडा ऋणानुबंध आहे. मुंबईतील एका पुस्तकांच्या दुकानात डिसेंबर 1959 मध्ये पोलिसांनी पाठविलेल्या बनावट गिऱ्हाइकाने डी. एच. लॉरेन्स या इंग्रज लेखकाच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीची काटछाट न केलेली प्रत विकत घेतली. दुकानाच्या भागीदारांवर खटला झाला. लेखक मुल्कराज आनंद यांनी बचावाची साक्ष दिली, तरी प्रत्येकी वीस रुपये दंड झालाच. भागीदारांपैकी रणजित उदेशी हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 19 ऑगस्ट 1964 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांनी लिहिला. हे हिदायतुल्ला पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे आणि 1956 पासून जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. दीक्षितपुऱ्यातील जुन्या मंडळींच्या तोंडी त्यांचे नाव आजही आदराने येते.

हा निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे. केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, मायकेलँजेलोचे देवदूत व संत पाहण्यापूर्वी त्यांना विजारी चढविण्याचे कारण नाही, अशा आशयाचे त्यांनी त्यात मोकळेपणाने म्हटले आहे. (वाचकांस स्मरत असेल की रोम येथील सिस्टिन चॅपेलमधील त्या आकृत्यांवर सोळाव्या शतकात खरोखरच वस्त्रे रंगविण्यात आली होती, आणि तीही ख्रिस्ती मंडळीच्याच आज्ञेने.) इतके म्हणूनही त्यांनी हिकलिन कसोटी कायम ठेवली व दंड उचलून धरला. शिवाय विक्रेत्याला पुस्तकातील अश्लीलतेची जाणीव होती हे सरकारने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असेही ठरले. शेकडो परदेशी पुस्तके मांडणाऱ्या दुकानदाराने त्यांतील प्रत्येक वाचलेले असावे, अशी ही अपेक्षा आहे.

याच कादंबरीवर चारच वर्षांपूर्वी, 1960 साली, लंडनमध्ये खटला झाला होता. तेथे वुलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी पुस्तकाच्या बाजूने साक्ष दिली. स्त्रीपुरुषसंबंध हा पवित्र आहे असेच लेखकाला दाखवावयाचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांनी त्याबद्दल त्यांना जाहीरपणे दोष दिला. पंचांनी प्रकाशकास निर्दोष सोडले. तेव्हा एकच प्रभू, एकच मंडळी, एकच पुस्तक, आणि दोन बिशपांची दोन मते. जेथे त्या दोघांचे जमले नाही, तेथे बंदरावरील अधिकाऱ्याने काय करावे?

आपल्या मराठीतही हे घडले. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेसाठी चंद्रकांत काकोडकर यांना मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने तीच कथा अश्लील नाही असे म्हणून त्यांना सोडले. हिकलिन कसोटी मात्र अधिकृतपणे मागे पडण्यास 2014 साल उजाडावे लागले. 'श्टर्न' या जर्मन मासिकातील टेनिसपटू बोरिस बेकर व त्यांची वाग्दत्त वधू यांचे नग्न छायाचित्र 1993 मध्ये कलकत्त्याच्या प्रकाशनांनी पुनर्मुद्रित केले होते. वर्णद्वेषाचा निषेध हा त्या चित्राचा हेतू होता, कारण वधूचे वडील कृष्णवर्णीय होते. न्यायालयाने म्हटले की चित्र संपूर्ण संदर्भात आणि समकालीन समाजाच्या मापाने पाहावयास हवे. जे मासिक परदेशातून येण्यास बंदी नव्हती, त्यातील चित्र येथे छापणे गुन्हा कसा, असाही युक्तिवाद त्या खटल्यात झाला होता.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. 2023 साली मुंबईच्या कस्टम अधिकाऱ्यांनी इंग्लंड व स्कॉटलंड येथील लिलावांतून आलेली सात चित्रे अश्लील म्हणून अडविली. त्यांपैकी चार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची व तीन अकबर पदमसी यांची होती. चित्रे जप्त करण्याचा व पन्नास हजार रुपये दंडाचा आदेश निघाला. 25 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, हे जुनेच सूत्र न्यायमूर्तींना अधिकाऱ्यांस नव्याने सांगावे लागले. सूझा हे गोव्यातील साळगावचे, कॅथलिक घरातील. क्रूसावरील ख्रिस्त त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगविला. तो ख्रिस्त काटेरी, भेसूर, आपल्या घरातील तसबिरीसारखा मुळीच नव्हे. ती चित्रे सर्वांना रुचतील असे नाही. मलाही ती पाहताना अस्वस्थ वाटते. परंतु आपल्याच समाजातून आलेल्या एका मोठ्या चित्रकाराच्या कलाकृती आपल्याच बंदरावर विटाळ मानल्या गेल्या, याचे दुःख आपल्याला झाले पाहिजे.

आता इफिसाकडे वळू. अठराव्या व एकोणिसाव्या वचनांत क्रम लक्षपूर्वक पाहावा. ज्यांनी विश्वास धरला होता ते आले. त्यांनी आपली कृत्ये कबूल केली. आणि मग त्यांनी आपापली पुस्तके आणून सर्वांदेखत जाळली. पुस्तके स्वतःची होती. शेजाऱ्याच्या घरात कोणी शिरले नाही. पौलाने आज्ञा केल्याचा उल्लेख नाही, रोमी अधिकाऱ्याची तर गोष्टच नाही. किंमत रुप्याची पन्नास हजार नाणी भरली. ती विकून पैसा गरिबांना देता आला असता, पण मग तेच विष दुसऱ्याच्या घरी गेले असते. प्रभूनेही डोंगरावरील प्रवचनात उपटून टाकण्यास सांगितला तो डोळा आपला स्वतःचा आहे.

याच अध्यायाचा उत्तरार्ध आपण बहुधा घाईने वाचतो. देमेत्रिय आपल्या धंद्यासाठी लोकांच्या देवीविषयीच्या भावना पेटवितो. जमाव गायस व अरिस्तार्ख यांना धरून नाट्यगृहात ओढून नेतो आणि दोन तास एकच घोष करतो. त्या वेळी नगराचा चिटणीस उभा राहून सांगतो की या माणसांनी देवीची निंदा केलेली नाही, आणि कोणाची तक्रार असेल तर न्यायालये उघडी आहेत. तो ख्रिस्ती नव्हता. तरीही दुखावलेल्या भावनांच्या लाटेपुढे कायद्याने पुरावा मागितला, म्हणून आपले ते दोन बंधू वाचले. ज्या देशात आपण संख्येने थोडे आहोत तेथे एखाद्या पुस्तकावर बंदीची मागणी करण्यापूर्वी आपण कोणत्या बाजूच्या घोषात आपला आवाज मिळवीत आहोत, हे तपासून घ्यावे.

याचा अर्थ शासनाला येथे काहीच काम नाही असा मुळीच नव्हे. लहानांपैकी एकाला अडखळविणाऱ्याविषयी प्रभूचे शब्द जितके कठोर आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कोणाविषयी असतील. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अश्लील वस्तूंच्या विक्रीचा गुन्हा कलम 294 मध्ये आला आहे व त्यात इलेक्ट्रॉनिक मजकूरही अंतर्भूत आहे. कलम 295 खाली बालकास अशी वस्तू विकणाऱ्यास पहिल्या अपराधासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. येथे कसोटी संदिग्ध नाही. बालक कोण, हे वयाने ठरते. ज्या चित्रासाठी एखाद्या मुलीवर वा स्त्रीवर बळजबरी झाली, तेथेही कलेचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे अत्याचार झालेला असतो, आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील तलवार त्याच्याचसाठी आहे. अशा प्रसंगी पोलिसांत जाण्यास संकोच करणारी मंडळी मी पाहिली आहे. पुस्तकांविरुद्ध निवेदन द्यायला तीच मंडळी पुढे असते, हे खेदाने नमूद करावे लागते.

राहिला मोठ्यांचा प्रश्न. आमच्या बैठकीतील त्या वडिलांनी दुसऱ्या आठवड्यात प्रांजळपणे सांगितले, की त्यांची चिंता नातवापेक्षा स्वतःच्या मुलाविषयी अधिक होती. मुलाचे वय बेचाळीस आहे. त्याच्यासाठी कोणते बंदर आणि कोणता अधिकारी शोधावा? अंतःकरणातून निघते ते माणसाला विटाळविते, असे मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू सांगतो, आणि त्या मुलुखात कोणतीही अधिसूचना चालत नाही. इफिसकरांची सुरुवात कबुलीने झाली होती. बेचाळीस वर्षांच्या माणसाला न लाजविता आपल्या कोणत्या सभेत अशी कबुली देता येईल, हे आम्ही एकमेकांस विचारले, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

मंडळीत हा पाठ घेणाऱ्यांस एक सूचना. वचने 18 ते 20 आणि 35 ते 41 एकाच बैठकीत वाचावीत, वेगवेगळ्या रविवारी नव्हे. चर्चेस निदान एक तास ठेवावा, आणि मुलांच्या मातांना प्रथम बोलू द्यावे.